जुन्या बीटलचा हीटर: पर्यायी हीट एक्सचेंजर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

ऑक्टोबरातली रविवारची संध्याकाळ. श्वेबिशे आल्बच्या डोंगरातून आम्ही घरी परतत होतो. बाहेर पाऊस, काचेवर वाफ, म्हणून हीटर पूर्ण उघडलेला. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, डोकं जड झालंय गं, मळमळतंय." वळणाचा रस्ता आहे, लागली असेल गाडी, असं मला वाटलं. दहा मिनिटांनी माझंही डोकं ठणकायला लागलं, तेव्हा गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही दारं सताड उघडली. वास म्हणावा तर थोडासा तेलकट, जुन्या गाडीला असतो तसाच. पुढच्या आठवड्यात हीट एक्सचेंजर, म्हणजे एक्झॉस्टच्या गरमीवर हीटरची हवा तापवणारा भाग, काढून पाण्यात बुडवला, तर डाव्या बाजूच्या आतल्या नळीच्या वेल्डिंगपाशी बुडबुडे यायला लागले. तो एक्सचेंजर जेमतेम आठ महिन्यांचा होता. ऑनलाइन घेतलेला, नवा, स्वस्त, "तुमच्या मॉडेलला बसतो" अशी हमी असलेला.

माझी गाडी १९७२ची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसीची. जर्मनीत तिला केफर म्हणतात. नोकरीनिमित्त पुण्याहून स्टुटगार्टकडे आलेल्या मराठी मंडळींपैकी काहीजण हल्ली जुन्या गाड्या घ्यायला लागले आहेत आणि बहुतेकांची पहिली पसंती हीच असते. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी चुकत चुकत शिकले, तुम्हाला ती वेळ येऊ नये.

एक गोष्ट आधी. हा लेख डिसेंबर १९६२नंतरच्या गाड्यांसाठी आहे. तेव्हापासून बीटलला ताज्या हवेवर चालणारा हीटर आला. त्याआधीच्या गाड्यांमध्ये सिलिंडरवरून फिरून आलेली हवाच थेट आत येत असे. तिथली रचना वेगळी आहे, त्यामुळे खालचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही.

१. आधी हीटर चालतो कसा ते समजून घ्या

आपल्या नेहमीच्या गाडीत इंजिनातलं गरम पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि त्यावरून आलेली हवा आत येते. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं, पाणीच नाही. मग गरमी आणायची कुठून? एक्झॉस्टवरून.

इंजिनाचा पंखा पत्र्याच्या मोठ्या आवरणातून सिलिंडरवर हवा मारतो. त्या आवरणाला डावी-उजवीकडे एकेक तोंड असतं. तिथून होजमधून थोडी हवा खाली दोन हीट एक्सचेंजरमध्ये जाते. एक्सचेंजर म्हणजे एक्झॉस्टची नळी, तिच्याभोवती ॲल्युमिनियमचे पंख आणि वर पत्र्याचं कवच. पंखांमधून जाताना हवा तापते, पुढे झडपेच्या डब्यात येते. झडप उघडी असेल तर हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पायापाशी आणि पुढच्या काचेवर पोचते. झडप बंद असेल तर खाली रस्त्यावर सुटते.

म्हणजे तुमचा श्वास आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये फक्त एका नळीची भिंत असते. ती गंजली, तडकली किंवा वेल्डिंगला सुटली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून या गाडीत हीटरचा पार्ट निवडताना गरम किती होतं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न नळी घट्ट आहे की नाही, हाच.

२. पार्ट मागवण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

"हीटर गार आहे" म्हटलं की सगळे एक्सचेंजरकडे बोट दाखवतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. प्रत्यक्षात पुढच्या क्रमाने बघा.

लिव्हर आणि केबल: ऑगस्ट १९६४पासून हँडब्रेकच्या दोन बाजूंना दोन लिव्हर आहेत, त्याआधी फिरवायचं बटण होतं. लिव्हर ओढायला सांगा आणि स्वतः गाडीखाली बघा, दोन्ही बाजूंच्या झडपा हलतात का. एकच हलत असेल तर केबल तुटली आहे किंवा झडप गंजून बसली आहे. हा दोष थोड्या पैशांत निघतो.

होज: इंजिनाच्या वरच्या बाजूने खाली जाणाऱ्या दोन आणि झडपेच्या डब्यापासून बॉडीकडे जाणाऱ्या दोन. फाटलेल्या असतील तर गरम हवा वाटेतच निघून जाते.

दारांखालच्या पट्ट्या: हे सगळ्यात दुखरं ठिकाण. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या आतून कुजतात. त्या सडल्या असतील तर सोन्याचा एक्सचेंजर लावला तरी गाडी गरम होणार नाही. शिवाय त्या बॉडीच्या मजबुतीचा भाग आहेत, म्हणून तो प्रश्न हीटरच्याही पुढचा आहे. तपासायची सोपी युक्ती: मागची होज काढा, बॉडीकडच्या नळीत व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड लावा आणि पुढे पायापाशी हात धरा. वारा लागला तर वाट मोकळी आहे. नाही लागला, तर दारापाशी खाली बसून ऐका. कुठून फुसफुसतं ते कळेल.

थर्मोस्टॅट: पंख्याच्या आवरणात हवेच्या झडपा असतात आणि त्या इंजिनाखालच्या थर्मोस्टॅटवर चालतात. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी तो काढून टाकलेला असतो, हे फार वेळा दिसतं. मग इंजिन तापायलाच उशीर होतो आणि छोट्या अंतरात हीटर गार राहतो.

एवढं सगळं ठीक असेल, किंवा एक्सचेंजरच्या कवचाला भोकं, आतून खडखड, थंड इंजिनावर फट्फट् असा आवाज असं काही असेल, तर मग एक्सचेंजर.

३. इंजिन कोणतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा

गाडीच्या कागदावर १३०० लिहिलंय म्हणून आत १३०० असेलच असं नाही. पन्नास वर्षांत इंजिनं बदललेली असतात. डायनामोच्या स्टँडखाली क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, नंबर कोरलेला असतो, त्याच्या सुरुवातीची अक्षरं वाचा. डी म्हणजे १२०० सीसी, ३४ पीएस (पीएस म्हणजे जर्मन हॉर्सपॉवर). एबी म्हणजे १३००, ४४ पीएस. एडी म्हणजे १६००, ५० पीएस. ३४ पीएसच्या इंजिनाचा एक्सचेंजर वेगळा आणि १३००, १५००, १६०० यांचा वेगळा. जाहिरातीत बहुतेकदा पीएसचा आकडाच दिलेला असतो, म्हणून तो माहीत हवा. डावा आणि उजवाही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

४. पर्यायी पार्ट: काय घ्यावं, काय टाळावं

इथे थोडं थांबते, कारण पैसे आणि जीव दोन्ही इथेच जातात.

बीटल जगभरात २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या. जर्मनीत एम्डेनला १९७८ साली तिचं उत्पादन थांबलं आणि मेक्सिकोत प्वेब्लाला ३० जुलै २००३ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली. त्यामुळे पार्टची ददात नाही. पण पार्ट मिळणं आणि चांगला पार्ट मिळणं यांत फरक आहे. माझे बाबा स्कूटरचा साधा क्लच प्लेटचा सेटसुद्धा नाना पेठेत जाऊन, दोन-तीन दुकानांत हातात घेऊन, वजन बघून मगच आणायचे. "लोकल आहे की ओरिजिनल ते हातालाच कळतं," म्हणायचे. फोटो बघून एक्सचेंजर मागवताना मी नेमकं हेच विसरले.

साधारण पाच प्रकार समोर येतात.

जुना मूळ पार्ट, न वापरलेला. मिळाला तर उत्तम, पण क्वचित मिळतो आणि महाग असतो. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला असेल तर त्यालाही आतून गंज असू शकतो, म्हणून तपासायचाच.

जुना मूळ पार्ट, वापरलेला पण धड. माझी पहिली पसंती हीच. आतले पंख ओतीव ॲल्युमिनियमचे असतात, नळी जाड असते. कवच गंजलेलं असलं तरी चालतं, ते दुरुस्त करता येतं. नळी मात्र शाबूत हवी.

मूळ गाभा ठेवून कवच नवीन केलेला. काम करणारा माणूस चांगला असेल तर उत्कृष्ट. दाबाची चाचणी केली का, हे विचारा आणि तुमच्यासमोर करून मागा.

नवा पर्यायी पार्ट. यात दर्जाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. स्वस्तातल्यांत पंखच नसतात, किंवा पत्र्याच्या चार पट्ट्या नळीला टाके मारून लावलेल्या असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हवेच्या तोंडातून टॉर्च मारा. दाट, एकसलग पंख दिसले पाहिजेत. वजन करून बघा, पोकळ पार्ट हलका लागतो. हलवून बघा, आत काही वाजता कामा नये.

पाचवा प्रकार म्हणजे साधी वाकवलेली नळी, जिला जे-पाइप म्हणतात. ती एक्सचेंजरच्या जागी लागते, स्वस्त आहे, बसवायलाही सोपी आहे, आणि तिने हीटर कायमचा बंद होतो. रेसिंगवाले लावतात म्हणून आपण लावू नये. जर्मनीच्या वाहन नियमावलीच्या कलम ३५सी प्रमाणे बंद केबिन पुरेशी गरम करता आली पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. शिवाय पंख्याच्या आवरणाची ती दोन तोंडं उघडी राहिली तर सिलिंडरच्या वाट्याची हवा बाहेर वाहून जाते आणि इंजिन तापतं. उरलं सुरलं म्हणजे ऑक्टोबरच्या पावसात काच पुसायला एक हात कायम अडकलेला.

वापरलेला असो वा नवा, बसवण्याआधी पाण्याची चाचणी करा. एक्झॉस्टच्या नळीची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, एका बुचातून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरायची आणि अख्खा एक्सचेंजर टबात बुडवायचा. कवचात अडकलेली हवा आधी निघून जाऊ द्या, नाहीतर उगाच घाबराल. त्यानंतर एकही बुडबुडा यायला नको. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते तेव्हा केलं असतं तर ती संध्याकाळ आमच्या वाट्याला आली नसती.

५. कागदपत्रं आणि खुणा

हे नव्याने आलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही. याच नियमावलीच्या कलम २२एमध्ये ज्या पार्टना नमुना-मंजुरी लागते त्यांची यादी आहे. विजेवर किंवा इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारे हीटर सोडून बाकीचे हीटर त्यात येतात. बीटलचा एक्सचेंजर एक्झॉस्टवर चालतो, म्हणजे तो त्यात आलाच. मंजूर पार्टवर नागमोडी रेघ, अक्षर आणि आकडा अशी खूण ठोकलेली असते. नवा पर्यायी पार्ट घेताना विक्रेत्याला त्या खुणेचा फोटो मागा. "सगळे हेच वापरतात" हे उत्तर पुरेसं नाही.

जवळ ठेवायचे कागद असे:
- गाडीच्या नोंदणीचा पहिला भाग, म्हणजे जो कागद आपण गाडीत बाळगतो तो.
- गाडीला एच नंबरप्लेट असेल तर त्याचा तज्ज्ञ अहवाल. ही प्लेट किमान ३० वर्षं जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला मिळते, म्हणून विजोड पार्ट लावून ती धोक्यात घालू नका.
- पार्टचं बिल आणि मंजुरीचा कागद.
- बसवण्याआधी काढलेला खुणेचा फोटो. नंतर ती खूण चिखलाने आणि गंजाने दिसेनाशी होते.
- मागच्या तपासणीचा अहवाल. त्यात एक्झॉस्टबद्दल शेरा असेल तर तो वाचा, उपयोगी पडतो.

६. जागा आणि हत्यारं

भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये हे काम करायला जाऊ नका. तेल सांडलं तर घरमालक आणि नगरपालिका दोघेही विचारतील. रविवारी ठोकाठोक चालत नाही, हे तर तुम्हाला शेजाऱ्यांनी सांगितलंच असेल. बहुतेक शहरांत तासावर भाड्याने मिळणारी गॅरेजं असतात, तिथे गाडी उचलायची लिफ्ट मिळते. मिटव्हेर्कश्टाट या नावाने शोधा. पहिल्या वेळी पूर्ण दिवस धरा.

हत्यारांत १३ नंबरची गोटी आणि रिंग पाना, १० नंबरचा पाना, लांब आणि लवचीक एक्स्टेन्शन, मोठा पेचकस, टॉर्क पाना, गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, तांब्याची ग्रीस. पार्टमध्ये दोन एक्सचेंजर, सगळी नवी पॅकिंग, एक्सचेंजर आणि सायलेन्सर जोडणाऱ्या क्लॅम्प व सीलिंग रिंग, तांब्याचा मुलामा दिलेले एम-८ नट, चारही होज आणि त्यांच्या पट्ट्या. जुने नट आणि जुनी पॅकिंग परत वापरायचा मोह टाळा.

दोन इशारे. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते, आधी तिची निगेटिव्ह तार काढा. त्या सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून आगी लागल्या आहेत, म्हणून वर झाकण आहे का हेही याच वेळी बघून घ्या. आणि जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर बंदी आली १९९३ साली. त्याआधीचं पॅकिंग असेल तर ते कोरडं घासू नका, हवेने उडवू नका. ओलं करून, मास्क घालून, सोडवून पिशवीत बंद करा.

७. जुनं काढणं

आदल्या संध्याकाळी आणि सकाळी परत, सगळ्या नटांना गंज सोडवणारं तेल सोडा. इंजिन गाडीत असतानाही हे काम होतं, फक्त जागा अडचणीची आहे.

आधी मागचा पत्रा, जो सायलेन्सरच्या वर इंजिनाची खोली बंद करतो, तो काढा. इनटेकला गरम ठेवणारी बारीक नळी सायलेन्सरला दोन्ही बाजूंनी छोट्या बोल्टने जोडलेली असते, ती सोडा. हे बोल्ट हमखास तुटतात. तुटले तरी चालेल, नवे सहज मिळतात. मग एक्सचेंजर आणि सायलेन्सरमधले क्लॅम्प, सायलेन्सर सिलिंडर हेडला जिथे जोडलाय ते दोन्ही बाजूंचे दोन-दोन नट, आणि सायलेन्सर खाली. नंतर होज, झडपेच्या डब्यापाशी केबलची पकड, एक्सचेंजरला पत्रे जोडणारे स्क्रू, आणि शेवटी पुढच्या टोकाचे हेडवरचे दोन-दोन नट.

हेच ते नट. त्यांचे स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेले असतात. नट हलत नसेल तर जोर लावू नका. थोडं घट्ट, थोडं सैल, परत तेल, परत थोडं घट्ट, असं करत सोडवा. गॅसची ज्योत लावायची असेल तर ती पेट्रोलच्या पाइपाजवळ आहे हे लक्षात घ्या. मी ते काम गॅरेजमधल्या अनुभवी माणसाकडे सोपवलं आणि त्याचा मला जराही कमीपणा वाटत नाही. त्याने विजेच्या कॉइलने नट तापवला आणि दोन मिनिटांत सोडवला. स्टड तुटलाच तर हाताने ड्रिल मारू नका. भोक तिरकं गेलं की हेड गेलं.

सगळं खाली आल्यावर लगेच नवं चढवायची घाई नको. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि पुशरॉडच्या नळ्यांची सीलं या दोन ठिकाणांहून गळणारं तेल थेट एक्सचेंजरवर पडतं. तेलकट वास येतो तो त्याचाच. या वासाची सवय झाली की धुराचा वास ओळखू येत नाही. माझ्या बाबतीत हेच झालं. म्हणून गळती आत्ताच बंद करा, नंतर हात पोचणार नाही.

८. नवं बसवणं

स्टड ब्रशने साफ करा, तांब्याची ग्रीस लावा, नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का बघा.

पर्यायी पार्ट आहे, म्हणजे काहीतरी थोडं चुकणारच. फ्लँजची, म्हणजे नळीच्या टोकाच्या चपट्या जोडपट्टीची, भोकं मिलिमीटरभर सरकलेली असतात, किंवा मागचं तोंड सायलेन्सरच्या तोंडासमोर नीट येत नाही, किंवा झडपेचा डबा ज्या नळीवर चढतो ती जराशी बारीक असते. म्हणून पॅकिंग न लावता एकदा सगळं नुसतं अडकवून बघा. भोक कानसून थोडं मोठं केलं तर चालतं. बारीक नळीवर पत्र्याची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळला तर चालतो, कारण तिथे फक्त हवा आहे. नट आवळून आवळून नळी जागेवर खेचून आणायची, हे मात्र अजिबात चालत नाही. आज बसेल, पण तो ताण वेल्डिंगवर कायम राहील आणि प्रत्येक वेळी तापून-थंड होताना ते थोडं थोडं तुटत जाईल. माझ्या पहिल्या एक्सचेंजरचं हेच झालं असावं, असं मला आता वाटतं. फारच वाकडं असेल तर पार्ट परत करा. परत पाठवायची मुदत संपण्याआधी ही जोडणी करून बघणं म्हणूनच महत्त्वाचं.

जुळलं की पॅकिंग घालून दोन्ही एक्सचेंजर हेडला लावा, नट फक्त बोटाने. मग सायलेन्सर, तोही सैल. मग क्लॅम्प आणि सीलिंग रिंग, त्याही सैल. सगळं आपापल्या जागी स्थिरावलं की हेडवरचे नट आळीपाळीने २० न्यूटन-मीटरला, आणि क्लॅम्प सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की ताण राहतो.

पत्रे सगळेच्या सगळे परत लावा. "हा एक स्क्रू राहिला तर काय होतंय" असं वाटतं, पण पत्र्यांत फट राहिली तर खालची तापलेली हवा वर पंख्याकडे जाते. होज चढवताना पट्ट्या नीट आवळा. होज एक्झॉस्टला टेकता कामा नये.

केबल लावताना लिव्हर पूर्ण खाली ठेवा, झडप पूर्ण बंद करा, मग पकड आवळा. नंतर लिव्हर वर ओढून दोन्ही झडपा सारख्या उघडतात ना ते बघा. केबल बदलायची असेल तर चासी नंबर देऊनच मागवा, वर्षानुसार लांबी बदलते.

९. पहिल्यांदा चालू करणं

गाडी उघड्यावर आणा. नव्या पार्टवर गंज लागू नये म्हणून तेल किंवा रंग लावलेला असतो, तो पहिल्यांदा जळतो आणि भरपूर धूर निघतो. हीटर उघडा, दारं उघडी ठेवा, आत कोणीही बसू नका, आणि अर्धा तास इंजिन चालू द्या.

पूर्ण थंड झाल्यावर गळतीची परीक्षा. एकाने इंजिन सुरू करायचं, दुसऱ्याने जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरची तोंडं क्षणभर अर्धवट दाबायची. जोडात फट असेल तर तिथून फट्फट् आवाज येतो. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडेही दिसतात, पण हे इंजिन गार असतानाच.

मग आतल्या हवेची तपासणी. गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं. इंजिन तापलेलं आणि हीटर पूर्ण उघडा असताना, पायापाशी हवा येते तिथे मोजायला सांगा. आकडा शून्य हवा. आणि एक अलार्म गाडीत कायमचा ठेवा. ईएन ५०२९१-२ हे मानक असलेला घ्या, ते कॅम्पर व्हॅन आणि बोटींसाठी आहे, म्हणजे हादरे आणि थंडी धरून बनवलेलं. माझ्याकडे तो मागच्या सीटच्या उंचीवर लावलेला आहे, कारण तिथे मुलगी बसते.

साधारण १०० किलोमीटर झाले की, इंजिन थंड असताना, सगळे नट एकदा परत टॉर्क पान्याने तपासा. पॅकिंग दबतं आणि नट सैल होतात.

१०. तपासणीला जाताना

दर दोन वर्षांनी होणारी मुख्य तपासणी, जिला सगळे सरसकट ट्यूफ म्हणतात, तिला जाताना बिल, मंजुरीचा कागद आणि खुणेचा फोटो बरोबर न्या. तपासनीसाला आपणहून सांगा की एक्सचेंजर बदलला आहे. लपवण्यासारखं काही नाही आणि तो खाली उभा राहून त्याच्या अनुभवी डोळ्यांनी तुमचं काम बघतो, याचा फायदा आपल्यालाच आहे. मला त्याने एका क्लॅम्पची फट दाखवली होती, जी माझ्या लक्षातही आली नव्हती.

त्यानंतर दर वर्षी सप्टेंबरअखेर, थंडी सुरू होण्याआधी, गाडी एकदा उचलून घ्या. कवचावर नवा गंज, होजला चीर, झडपेची हालचाल, थंड इंजिनावरचा आवाज, एवढं बघायला वीस मिनिटं लागतात.

आणि काढलेले मूळ एक्सचेंजर भंगारात देऊ नका. कवच गेलेलं असलं तरी आतली नळी आणि ओतीव पंख शाबूत असतील, तर त्यावर नवं कवच चढवता येतं. पाण्याची चाचणी करा, डावा-उजवा आणि पीएसचा आकडा खडूने लिहा, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवा. माझ्या गाडीखाली आज जे आहेत ते असेच कोणीतरी वीस वर्षं माळ्यावर जपून ठेवलेले होते.